खणणाऱ्यानं शेवटी प्यायचं

मे महिना तोंडावर आला की आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी तो जुना फोटो टाकतं. पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला बुरशी धरलेला. वाळूतल्या खड्ड्याभोवती आम्ही उकिडवे बसलोय, आईचा पदर डोक्यावर, दादांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. फोटोखाली लगेच प्रश्न येतो, ‘यंदा जायचं का?’ मग अंगठे सुरू होतात. अंगठा, जोडलेले हात, नाचणारी बाई, परत अंगठा. ‘शंभर टक्के,’ असं माझा धाकटा भाऊ राजू लिहितो. ‘नक्की नक्की,’ असं त्याची बायको दीपा लिहिते. आणि मला तेव्हाच कळतं की यंदाही कुणी कुठं जात नाही.

मला त्या अंगठ्यांचा मनस्वी राग येतो. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणून गप्प बसणाऱ्याशी कसं भांडायचं? साताऱ्याच्या एमआयडीसीत मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. तिथं कुणी पाना नेला आणि ‘आणून देतो’ म्हणून गप्प बसला, तर त्याला मी दुपारच्या डब्याच्या आत गाठते. सगळे मला वचकून असतात. घरच्या माणसांना मात्र मागच्या वर्षापर्यंत गाठता आलं नव्हतं. त्यांच्याकडून मला पाना नको होता, आठ दिवसही नको होते. दोन दिवस हवे होते. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, त्या वाळूच्या पट्टीवर एकदा नेऊन आणायचं होतं. ते थकलेत. गुडघे बोलतात, कान बोलू देत नाहीत. मला त्याचीच घाई होती आणि ती कुणाला दिसत नव्हती.

गगनबावड्याचा घाट उतरून खाली गेलं की कुठंतरी ही पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे लांबच लांब वाळू, सुरूची झाडं, माड, थोडी घरं. आटपाडीच्या माणसांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रावर जायचं ही त्या काळी चेष्टेची गोष्ट होती. आमच्या आळीतली पोरं मामाच्या गावाला जात, जत्रेला जात. आम्ही ‘समुद्राला’ जायचो. मास्तरसुद्धा विचारायचे, ‘काय गं, तुमच्या घरात कोळी हाय का कोन?’ कोळी नव्हतं कुणी, मेंढकं होतो. माझा आज्जा भात कापून झालं की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. रिकाम्या वाफ्यात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि आमच्या माणसांना भात आणि नारळ. त्या पट्टीवरच्या एका घराशी असं नातं जडलं. दादा लहानपणी त्या कळपाबरोबर चालत गेलेले. पुढं ते पलटणीत भरती झाले, मेंढरं चुलत्यांकडं गेली, पण नातं राहिलं. दरवर्षी मे महिन्यात दादा रजेवर येत आणि रजेतले काही दिवस त्या घराला देत. बायकापोरांसकट, हुलग्याच्या पिठासकट.

त्या घरातल्या काकांच्या अंगणात चांगली दगडी बाव, म्हणजे विहीर, होती. तरी पोचल्यावर पिशव्या ओसरीत टाकल्या की दादांचं पहिलं काम ठरलेलं असे. पँट दुमडायची, आम्हाला हाक मारायची आणि वाळूत झिरा खणायचा. आमच्या माणगंगेत हेच करतात. नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. मग वाळू उकरायची, ढोपरभर खाली गेलं की पाणी झिरपतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. आमच्याकडं पोर चालायला लागलं की त्याला झिरा खणता येतो. पण समुद्राच्या काठावर झिरा? पहिल्या वर्षी काका कमरेवर हात ठेवून बघत राहिले होते. ‘अरे, बाव आसा घरात, वाळू कित्याक उकरतास?’

दादा म्हणाले, ‘मेंढरावालं आमी. दुसऱ्याच्या हिरीवर पह्यल्या दिशी जात न्हाई.’

‘मेंढरां खंय आसत हंय?’

दादांनी आमच्याकडं हात केला. ‘ही काय!’

आणि पाणी लागलं. गोड, गार, नितळ. समोर खाऱ्या पाण्याच्या लाटा फुटतायत, मागं खाडी खारी, आणि मधल्या वाळूत गोड पाणी. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्याच्या वर तरंगत राहतं, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा ती दादांची करामत वाटायची. त्यांचं एकच सांगणं असे, ‘लय खोल जाऊ नगा. वरचं ग्वाड, खालचं खारं. हावरेपणा केला की दोन्ही गेलं.’ आणि आम्ही हटकून हावरेपणा करायचो. राजू तर कोपरापर्यंत हात घालून उपसायचा. मग पाणी मचूळ व्हायचं, दादा तो खड्डा बुजवायला लावायचे आणि दोन पावलं सरकून दुसरा सुरू व्हायचा. पहिली सकाळ त्यातच जायची. माझ्या नखांत ती वाळू शाळा सुरू होईपर्यंत असायची.

पिण्याचाही नियम होता आणि तो आज्जाचा होता. झिऱ्याला पाणी लागलं की आधी कोकरं, मग मेंढरं, मग पोरं, बायका, गडी. ज्यानं खणला त्यानं शेवटी. त्याच्या हाताशीच पाणी आहे, त्याला कसली घाई, असं आज्जा म्हणायचा म्हणे. सुट्टीत कोकरं आम्हीच. दादांचा पलटणीतला मग होता, पांढरा, टवके उडालेला. तो आधी राजूकडं, मग माझ्याकडं, मग आईकडं, मग काकांकडं जायचा आणि सगळ्यात शेवटी दादांकडं. तोवर ते घामाघूम, ओठ सुकलेले. आम्ही मुद्दाम घुटके घेत, खेळत प्यायचो. ते नुसते बघत उभे राहायचे.

आईला समुद्र आवडत नसे. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, सगळ्यांना समुद्र आवडलाच पाहिजे असा आता नियम आहे. आई समुद्राकडं पाठ करून बसायची. ‘येवढं पानी आन् प्यायला थेंब न्हाई. कशाला बघायचं त्येच्याकडं?’ आमच्या घरी दारात टँकर आला की तिला कळशी घेऊन धावायला लागायचं, आणि इथं एवढं पाणी नुसतं उड्या मारतंय, याचा तिला संताप यायचा. पहिल्या वर्षी तर तिनं हिशेब केला की निदान कपडे तरी धुऊन घ्यावेत, काकांच्या बावेचं पाणी वाचेल. सगळ्यांचे सगळे कपडे तिनं समुद्रात नेऊन धुतले, पिळले, सुरूच्या फांद्यांवर वाळत घातले. दुपारपर्यंत ते पापडासारखे ताठ झाले. अंगावर घातले की खाज. दादा सदरा घालून पाठीमागून माडाला पाठ घासत होते आणि काकी हसून हसून खाली बसल्या होत्या. आई मात्र हसली नाही. समुद्रानं आपल्याला फसवलं असंच तिचं म्हणणं शेवटपर्यंत राहिलं. हा राग राग करण्याचा गुण माझ्यात कुठून आला ते शोधायला लांब जायला नको.

दुपारी काकी आम्हाला ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, गोळा करायला न्यायच्या. पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा, टणक लागलं की वाकायचं. संध्याकाळी राजूची आणि माझी पैज. ओंजळभर खाडीचं पाणी घेऊन पट्टी आडवी पळत ओलांडायची आणि ते समुद्रात ओतायचं. ज्याच्या ओंजळीत शेवटी जास्त पाणी तो जिंकला. दोघांच्याही हातात काही उरत नसे. तरी जिंकलं कोण यावरून भांडण, मारामारी, आणि दादांचं ‘साऽवधान!’ पलटणीतला तो आवाज आला की आम्ही दोघं वाळूत ताठ उभे. मग ते आम्हाला लाटेच्या कडेकडेनं परेड करायला लावायचे, पाढे म्हणत. मला अजून सतराचा पाढा ओल्या वाळूवर पाय आपटल्याशिवाय नीट येत नाही.

हे सगळं आठवलं की मी ग्रुपवर लिहिते, ‘तारीख सांगा.’ आणि मग कारणं उतरायला लागतात. राजूचं सांगलीत ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, त्याचा हंगाम. त्याची मुलगी सई, तिचे प्रवेश परीक्षेचे क्लास. दीपाच्या माहेरची लग्नं. माझा नवरा मेढ्याकडचा, तो म्हणतो, ‘पाणीच बघायचं तर आमच्याकडं धरणाचं हाय की ढीगभर.’ आणि सगळ्यात चीड आणणारं कारण म्हणजे, ‘दादांना झेपेल का?’ हे सगळे विचारतात. मला विचारतात, एकमेकांना विचारतात, ग्रुपवर विचारतात. दादांना कुणीच विचारत नाही.

मागच्या एप्रिलच्या शेवटी मी एसटीनं आटपाडीला गेले आणि विचारलं. दादा पडवीत खाटेवर बसले होते. समोर चुलतभावाची डाळिंबाची बाग, ठिबकच्या काळ्या नळ्या. आता आमच्याकडं योजनेचं पाणी आलंय. चांगलं झालं, आईला बघायला मिळालं नाही एवढंच.

‘दादा, पट्टीवर जायाचं का?’

‘कुटं?’

मी कानाशी ओरडले. त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, ‘झिरा खणायला?’

‘व्हय.’

‘हितं आता खणता येत न्हाई,’ ते म्हणाले. ‘वाळूच न्हाई ऱ्हायली नदीत. डंपरनी न्हेली समदी. खाली निस्ता खडक हाय. पानी आलं आन् वाळू गेली.’ त्यांनी माझं मनगट धरलं. ‘न्हेतीस का पोरी? कवा?’

त्या ‘कवा’नं मला घायाळ केलं. मी तिथूनच ग्रुपवर लिहिलं की अमुक दिवशी मी दादांना घेऊन एसटीनं निघतेय, ज्याला यायचं त्यानं यावं. अंगठा कुणीच टाकला नाही. तासाभरात राजूचा फोन आला. ‘ताई, वेडी झालीस का? एसटीनं? लोक काय म्हणतील?’ बरं झालं लोक असतात. माझ्या शब्दाला नाही, पण लोकांना माझी माणसं भितात. चार दिवसांत गाडी ठरली, रिसॉर्ट ठरलं, क्लासची रजा निघाली. माझा नवरा तेवढा घरीच राहिला. एवढं सगळं होऊ शकत होतं तर इतकी वर्षं का झालं नाही, हे मी घाटात तीनदा विचारलं. दीपानं गाण्याचा आवाज वाढवला.

आणि पट्टी? पट्टी बारीक झालीय. समुद्राकडून दगडांचा बंधारा घातलाय, कारण लाटांनी बरीच वाळू ओढून नेली. खाडीकडून होड्या वाळू उपसून नेतात. मधे जे उरलंय त्यावर रिसॉर्टं. काका-काकी केव्हाच गेले, त्यांच्या मुलानं जागा रिसॉर्टवाल्याला दिली आणि तो पुण्याला गेला. आमची ओसरी जिथं होती तिथं पोहण्याचा तलाव आहे, निळ्या फरश्यांचा. बाव सिमेंटनं झाकलेली, तिच्यात मोटर, दिवसभर घुंऽऽ असा आवाज. दादा काठी टेकून तलावाकडं बराच वेळ बघत होते.

‘समुद्राच्या कडंला टाकी कशाला बांधलीया?’ त्यांनी विचारलं.

‘पोहायला, दादा.’

‘मग समुद्र कशाला हाय?’

सई खोलीत एसी लावून झोपली होती. राजू नेटवर्क शोधत बंधाऱ्यावर चढला होता आणि कुणाला तरी नळीचा भाव सांगत होता. दीपा माडाखाली फोटो काढत होती, एकच फोटो, पुन्हा पुन्हा. पैज लावायला कुणी नाही, तिसऱ्यांच्या चिखलात आता जायचं नसतं म्हणे, काचा असतात. एवढ्या लांब आलो आणि आम्ही सगळे आपापल्या घरी असल्यासारखे बसलो होतो. यापेक्षा मला आटपाडीची पडवी चालली असती. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडलेही, ‘झिरा खणायचाय! सगळ्यांनी या!’

आले. पण कसे? राजू कानाला फोन लावून. दीपा चप्पल न काढता. सई डोळे चोळत. दादांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. रिसॉर्टच्या कुंपणामागं सुरूची चार झाडं उरलीत, तिथं मी एकटी गुडघ्यांवर बसले आणि उकरायला लागले. वर पांढरी भुरभुरीत वाळू, खाली तपकिरी, त्याखाली गार. हात आपोआप चालत होते, कंबर मात्र आपोआप चालत नव्हती. कुणीतरी म्हणेल ‘सरक, मी बघतो,’ म्हणून मी दोनदा थांबले. कुणी म्हणालं नाही. बंद बावेतली मोटर घुमत होती. ढोपराच्याही खाली गेल्यावर पाणी आलं, आधी गढूळ, मग निवळलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मी वाळूच्या हातानं पुसलं आणि डोळे जास्तच झोंबले.

दादांनी आपल्या पिशवीतून तो मग काढला. तोच पांढरा, टवके उडालेला. तो त्यांनी आणलाय हे मला माहीत नव्हतं.

‘आदी ल्हान,’ ते म्हणाले.

सईनं मग घेतला. एक घोट घेतला, थांबली, आजोबांकडं बघितलं. ‘गोड आहे,’ ती म्हणाली. मग दीपा. ‘अय्या, खरंच गोड!’ मग राजू, फोन छातीशी दाबून. ‘तसंच आहे, दादा. अगदी तसंच.’ मग दादांनी घेतला, डोळे मिटून, सावकाश. ‘ग्वाड हाय,’ ते म्हणाले आणि मग माझ्या हातात दिला.

मी खणलं होतं, मी शेवटी प्यायले. खारं होतं. मचूळ वगैरे नाही, चांगलं खारं, भाजीत घालावं असं. मी मगावरून डोळे वर केले. चौघंही माझ्याकडं बघत होते. दीपानं मान हळूच हलवली, म्हणजे राहू दे, म्हाताऱ्या माणसाचं मन आहे. सई ओठ चावत होती. चांगली पोर आहे, मला तेव्हा कळलं. आणि तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा अंगठे! समोरासमोर बसून, तोंडात खारं पाणी धरून अंगठे!

‘खारं हाय, दादा,’ मी कानाशी ओरडले.

‘ताई!’ राजू म्हणाला.

‘काय ताई? खारं हाय तर खारं हाय! मोटरा लावून उपसलंय सगळं. दोन्हीकडनं वाळू खाल्लीय. कसं राहील गोड?’

दादा काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी घाबरले. पण ते हसत होते.

‘खारंच हाय की,’ ते म्हणाले.

‘मग तुमी ग्वाड का म्हनलासा?’

‘नात म्हनली ग्वाड, सून म्हनली ग्वाड, ल्योक म्हनला ग्वाड. म्या एकटा कशाला वाकडं बोलू?’ त्यांनी डोळे पुसले. ‘मेंढरू आसं करत न्हाई बगा. खारं लागलं की तोंड फिरवतं. मग गडी दुसरीकडं खणतो. त्येनं तोंडच न्हाई फिरवलं तर गड्याला कळायचं कसं?’

दादांनी काठी उचलून खाडीच्या अंगाच्या सगळ्यात लांबच्या सुरूकडं दाखवली. ‘त्यो बुजवा आदी. आन् तितं खणा, बुडापाशी. मोटरीपास्नं लांब. राजा, हात लाव की रं! का हितनंबी भाव सांगतोस?’

राजूनं फोन बंद केला. नुसता खिशात टाकला नाही, बंद केला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याच्या पोटऱ्या दादांच्या पोटऱ्यांसारख्या आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं. सईनं खड्डा बुजवला. दीपानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि साडीचा ओचा खोचला. मी खुर्ची उचलून नेली, सईनं आजोबांना धरून आणलं. आम्ही चौघं त्या लांबच्या सुरूच्या बुडाशी उकिडवे बसलो आणि उकरायला लागलो. राजू आल्याबरोबर हावरेपणानं कोपरापर्यंत हात घालायला लागला, मी त्याच्या हातावर चापट मारली. कुंपणाकडून रिसॉर्टचा वॉचमन शिट्टी वाजवत येत होता, इथं खड्डे करायला बंदी होती. कुणी मान वर केली नाही.

‘आत्या,’ सईनं मधेच विचारलं. कपाळाला वाळू, नखं काळी झालेली. ‘खणणाऱ्यानं शेवटी प्यायचं ना? मग सगळ्यांनी खणल्यावर शेवटी कुणी?’

मी दादांकडं बघितलं. ते खुर्चीतून पुढं वाकून खड्ड्यात बघत होते.

‘आदी पानी तर लागू दे,’ ते म्हणाले. ‘मग भांडू.’